कंथकाचा मागचा पाय

या पानावर आजवर मधुमेहापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत पुष्कळ विषय येऊन गेले. घोड्याच्या पायाबद्दल कोणी लिहिल्याचे आम्हाला आठवत नाही. पण आमच्या घरात सहा माणसे आणि एक घोडा राहतो, आणि गेली काही वर्षे घरातला मोठा आजारी तोच आहे. त्याच्यासाठी रात्री जागलो, कर्ज फेडताना मेटाकुटीला आलो, आणि आपल्याच समाजबांधवांचा रागही ओढवून घेतला. म्हणून हे लिहितो आहोत.

आम्ही येरवड्याचे. आमचे आजोबा पुणे स्टेशनवर टांगा चालवत. ते टांगा का शिकले, हे घरात नेहमी सांगितले जाते. 1929 साली प. पू. बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरचे टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी तडजोड झाली, की टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही. मग आपल्यातलाच एक माणूस बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. त्यांनी स्वतः ही हकिकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. आजोबा म्हणायचे, “त्या दिवशी आपल्यात एक जरी हाकणारा असता!” आजोबांचे म्हणणे खरे, पण आम्हाला मात्र ही गोष्ट ऐकताना नदीत पडलेला तो घोडाही आठवतो. त्याचे पुढे काय झाले असेल?

पुढे रिक्षा वाढल्या, टांगे गेले. दादांनी टांगा विकला पण घोडे सोडले नाहीत. वरातीचा घोडा पाळायचा, लग्नसराईत चार पैसे करायचे आणि एरवी रिक्षा चालवायची, असे आमचे चालले होते. जुनी घोडी म्हातारपणाने गेली तेव्हा 2018 च्या डिसेंबरात दादा आणि आम्ही नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी दत्तजयंतीला तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. देवळाशी आमचे काही देणेघेणे नव्हते, बाजाराशी होते.

त्या बाजारात घोडा कसा पारखतात ते पाहण्यासारखे आहे. दलाल आधी भोवरे मोजतात. कपाळावरचा भोवरा शुभ, अमुक जागेचा अशुभ. चारही पाय आणि तोंड पांढरे असले की पंचकल्याणी, त्याची किंमत चढी. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरचे, आम्ही या भोवऱ्यांना हसलो. मनात म्हटले, जगाला अक्कल नाही. कुमैत रंगाचा, साडेतीन वर्षांचा, डौलदार मानेचा एक घोडा आवडला. भोवरा ‘वाईट’ जागी होता म्हणून स्वस्तात मिळाला. सत्तर हजार. त्यातले चाळीस आईच्या बचत गटाचे. विकणारा म्हणाला, “नाचतो पण झकास!” आणि त्याने त्याला मागच्या दोन पायांवर उभे करून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. भोवरे पाहिले नाहीत याचा अभिमान होता, पण पाय तरी कुठे नीट पाहिले? मागचे पाय बाजूने पाहिले तर कोयत्यासारखे किंचित आत वळलेले होते. हे आम्हाला सहा महिन्यांनी दुसऱ्याने दाखवले.

मुलीने त्याचे नाव कंथक ठेवले. सिद्धार्थ गौतमाने ज्या घोड्यावर बसून घर सोडले आणि अनोमा नदी ओलांडली, तो कंथक. आळीतली पोरे त्याला ‘कंठ्या’ म्हणतात ते सोडा.

पहिली खूण नालबंदाला दिसली. 2019 च्या मे महिन्यात नाल बदलताना त्याने डाव्या मागच्या पायाची जुनी नाल हातात धरून दाखवली. बाकी तीन नाला सारख्या झिजल्या होत्या, ही मात्र पुढच्या कडेला पत्र्यासारखी पातळ झाली होती. “हा पाय ओढतोय,” तो म्हणाला. आम्ही म्हटले, लग्नसराई आहे, दमला असेल. पुढे लक्षात आले की सकाळी तबेल्यातून बाहेर काढताना पहिली वीस-तीस पावले तो आखडून टाकतो, मग मोकळा होतो. ‘चालला की मोकळा होतो’ या एका गोष्टीने आम्हाला दोन महिने फसवले. मोकळा होतो म्हणजे बरा आहे, असे धरून आम्ही त्याला वरातीत नेत राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण खरे तेच लिहितो.

जुलैत तो उघडच लंगडू लागला. मग जो तो वैद्य झाला. कोणी म्हणाले दृष्ट लागली, उतारा टाका. ते आमच्या घरात होणे नव्हते. पण दुसऱ्या एका गोष्टीला आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. दादांच्या जुन्या ओळखीतले एक सईस आले, मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर आतल्या बाजूने हात फिरवून म्हणाले, “हड्डा आहे. डागावे लागेल.” तापलेल्या सळईने सांध्यावर डाग द्यायचे, ही टांग्याच्या काळातली पद्धत. आजोबाही देत असत म्हणे. दादांनी सळई शोधून ठेवली होती. आई आडवी आली. “उतारा नको म्हणता आणि डाग देता? दोन्हीत फरक काय?” दादांना उत्तर सुचले नाही. सळई परत माळ्यावर गेली.

त्याच आठवड्यात विहारातल्या रविवारच्या वर्गात भन्तेजींनी मुलांना गिरिदंत जातक सांगितले. वाराणसीच्या राजाचा पांडव नावाचा उत्तम घोडा अचानक लंगडू लागतो. वैद्य तपासतात, पण अंगात रोग काहीच सापडत नाही. राजा आपल्या अमात्याला, म्हणजे बोधिसत्त्वाला, पाठवतो. तो पाहतो की घोड्याला शिकवणारा गिरिदंत स्वतः लंगडा आहे, आणि लगाम धरून पुढे चालणाऱ्या त्याला पाहून घोडाही तसाच चालतो आहे. शिकवणारा बदलतात आणि घोडा सरळ चालू लागतो. मुलगी घरी आली ती विचारतच, “आजोबा, आपल्या कंथकला शिकवणारा कसा होता?”

आम्ही हसलो. दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी सारंगखेड्याच्या त्या विकणाऱ्याला फोन लावला. त्याने अभिमानानेच सांगितले, की शिंगरू पावणेदोन वर्षांचे असल्यापासून त्याला नाचायला शिकवले, खाटेवर चढवून, मागच्या पायांवर उभे करून. हलगी वाजली की अजूनही तो आपसूक मागच्या पायांवर भार घेतो!

आता डॉक्टरांकडे वळतो. ओळखीतून एक निवृत्त पशुवैद्य मिळाले. त्यांनी उमेदीच्या काळात रेसकोर्सवरचे घोडे पाहिले होते. त्यांनी आधी घोडा नुसता चालवून पाहिला, कडक जमिनीवर, सरळ रेषेत, येताना आणि जाताना. मग मागचा पाय दुमडून मिनिटभर वर धरला आणि सोडल्याबरोबर दुडक्या चालीने पळवायला सांगितले. पहिली दहा-बारा पावले कंथक असा लंगडला, की आमच्या पोटात धस्स झाले. उजव्या पायाची तीच परीक्षा झाली तर तोही थोडा आखडला. पुढे क्ष-किरण फोटो काढला.

डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरून समजावले ते आमच्या भाषेत सांगतो. घोड्याच्या मागच्या पायाचा हा मधला सांधा, ज्याला ते हॉक म्हणतात, तो आपल्या घोट्याच्या जागी आहे. आपण त्याला गुडघा समजतो आणि तेथेच चुकतो. त्याचा गुडघा वर, पोटाजवळ असतो. हा घोट्याचा सांधा एक नसून थरांचा आहे. सर्वांत वरचा सांधा बिजागरीसारखा हलतो, जवळजवळ सगळी हालचाल त्याची. खालचे दोन फारच थोडे सरकतात, आणि प्रत्येक पावलाचा दाब व पीळ सोसतात. कंथकचे हे खालचेच सांधे बिघडले होते. हाडांमधली फट अरुंद झाली होती आणि कडेला हाड वाढू लागले होते. माणसाला म्हातारपणी गुडघ्याचा होतो तो संधिवात, पण चार वर्षांच्या घोड्याला!

“एवढ्या लहान वयात का?” आम्ही विचारले. ते म्हणाले, कारण एकच असेल असे नाही. शिंगराच्या या सांध्यातली लहान हाडे जन्मापूर्वीच्या शेवटच्या काळात कूर्चेची कठीण होत असतात. शिंगरू दिवस भरण्याआधी जन्मले तर ती मऊच राहून चेपतात. पायाची ठेवण कोयत्यासारखी असेल तर दाब एकाच बाजूला येतो. आणि हाडे भरण्याआधी कष्टाचे काम लावले, तर ठेवणीतला दोष लवकर उघडा पडतो. घोडा अंगाने मोठा दिसला तरी त्याचा सांगाडा पुरता भरायला पाच-सहा वर्षे लागतात. त्यांनी मग आपणहून विचारले, “याला नाचायला शिकवले होते का?” दादांनी मान खाली घातली. आता जन्माचे आणि ठेवणीचे आम्हाला काही करता येणार नव्हते. नाच मात्र थांबवता येत होता.

आणखी एक समजले. हे सांधे पूर्वीसारखे होत नाहीत. पण खालच्या दोन सांध्यांची हाडे हळूहळू एकमेकांना जुळून एक झाली, तर दुखणे थांबते, आणि ते सांधे मुळात फारसे हलत नसल्याने चालण्यात विशेष उणीव येत नाही. याला महिने लागतात, वर्षेही लागतात, आणि प्रत्येक घोड्यात ते होईलच असे नाही. तोवर त्याला बांधून ठेवायचे नाही, मऊ जमिनीवर सरळ चालवायचे, गोल फिरवायचे नाही, चढउतार टाळायचा. चंदी कमी करायची, कारण बसून खाल्ले की वजन वाढते आणि ते वजन त्याच सांध्यावर येते. नालबंदाने दर सहा आठवड्यांनी खुराचा पुढचा भाग आखूड ठेवून नालेची पुढची कड गोल करायची, म्हणजे पाऊल उचलायला जोर कमी लागतो.

औषधाचेही सांगायला हवे. कोपऱ्यावरच्या दुकानातून आम्ही डायक्लोफेनॅक आणून ठेवले होते, माणसाला चालते तर घोड्याला का नाही म्हणून. डॉक्टरांनी ते फेकायला लावले. जनावरांना ते देण्यावर 2006 सालापासून बंदी आहे. ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन देशातली गिधाडे लाखोंनी मेली. पुढे 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. आम्हाला मेलोक्झिकॅम दिले, तेही मोजके दिवस. वेदनाशामक औषधाने पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते. आणि सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते, सूज उतरते, ते एकदा दिलेही. पण देताना डॉक्टर म्हणाले, “हे त्याच्या आरामासाठी देतोय, तुमच्या वरातीसाठी नाही.”

खरी परीक्षा येथून सुरू झाली. बचत गटाचा हप्ता दरमहा होता. घोडा रोज सात-आठ किलो वैरण खातो, काम असो वा नसो. एक दलाल येऊन म्हणाला, पस्तीस हजार देतो, इंजेक्शन मारून मालेगावच्या यात्रेत खपवतो, कोणाला कळणार? रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोललो. पस्तीस हजारांत गटाचे कर्ज फिटत होते. पण पुढचा घेणारा आमच्यासारखाच कोणीतरी असणार, बायकोच्या गटाचे पैसे घेऊन आलेला. आणि घोडा? त्याला इंजेक्शनवर नाचवणार, जोवर सांधा साथ देईल तोवर. रोज विहारात शील घ्यायचे आणि सम्यक आजीविकेवर मान डोलवायची, मग हे कसे करायचे? कामास असमर्थ जनावराला राबवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. पण आम्हाला कायद्याने नव्हे, त्या घेणाऱ्याच्या विचाराने अडवले. दलालाला नाही म्हटले. चहा मात्र पाजला.

त्याहून अवघड दुसरा प्रसंग. डिसेंबरात आपल्याच समाजातले एक लग्न ठरले होते. नवरा मुलगा चाकणला कंपनीत, घराणे मराठवाड्यातले. सुपारी आम्ही उन्हाळ्यातच घेतलेली. कंथक लंगडतो म्हटल्यावर मुलाचे वडील घरी आले. म्हणाले, “माझ्या बापाची वरात गावात निघू दिली नाही. वेशीबाहेरून पायी गेला माझा बाप. माझा पोरगा घोड्यावर बसणार. एका तासाचा तर प्रश्न आहे, मारा इंजेक्शन.”

काय बोलणार? घोडा म्हणजे आपल्या लोकांना नुसते जनावर नाही. 2018 च्या मार्चमध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला, तो घोडा पाळतो आणि त्यावर बसतो म्हणून मारला, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी केली होती. विहारातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, बौद्ध पद्धतीच्या विवाहात वरात कशाला, बाबासाहेबांनी लग्नाचा खर्च आवरायला सांगितला. तेही बरोबर. आमचे पोटच वरातीवर, त्यामुळे आमचे मत या वादात धरू नये. पण त्या गृहस्थाच्या डोळ्यांत जे होते ते हौस नव्हती, एवढे आम्हाला कळले.

तरी आम्ही नाही म्हटले. दादांनी त्यांना तबेल्यात नेले आणि कंथकला दहा पावले चालवून दाखवले. ते पाहत राहिले, काही बोलले नाहीत. भवानी पेठेतल्या एका ओळखीच्या माणसाची घोडी आम्ही पदरचे पैसे घालून ठरवून दिली. वरात निघाली, मुलगा घोडीवर बसला, आम्ही लगाम धरून चाललो. लग्नात जेवायला बसलो तेव्हा मुलाचे वडील आमच्या पंगतीकडे आले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत. आम्ही त्यांना दोष देत नाही.

नंतर 2020 चा मार्च आला आणि सगळेच थांबले. रिक्षा बंद, लग्ने बंद. 14 एप्रिलची जयंती दारातच मेणबत्त्या लावून केली. आम्हाला ते महिने उपासमारीचे गेले. एक वेळचे करून दुसऱ्या वेळी चहावर राहिलो. वैरण मिळेना. भाजी विकणाऱ्या शेजारच्या मावशी गाजराचा पाला, कोबीची पाने आणून टाकत, विहारातल्या तरुणांनी माणसांच्या शिध्याबरोबर भुशाची दोन पोती पाठवली. ‘घोड्याला कशाला?’ असे एकानेही विचारले नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशी दोन्ही चिकित्सा केल्याचे कोरून ठेवले आहे, ते भन्तेजींनी पुष्कळदा सांगितलेले. ऐकलेले असे कधीतरी उपयोगी पडते.

पण आम्हाला उपाशी ठेवणाऱ्या त्याच महिन्यांनी कंथकला विश्रांती दिली. लग्नसराई चालू असती तर आम्ही किती दिवस तग धरला असता, सांगता येत नाही. पहाटे रस्ते रिकामे, तेव्हा दादा त्याला नदीकाठच्या मातीत वीस मिनिटे हळूहळू चालवत. संध्याकाळी पुन्हा वीस मिनिटे. नालबंद लपतछपत येऊन नाल करून गेला आणि पैसे नंतर द्या म्हणाला. ते पैसे आम्ही पुढच्या वर्षी दिले. गटातल्या बायकांनी हप्ते थांबवले, त्या सगळ्यांचीच तीच स्थिती होती.

2021 च्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. डाव्या पायाचा सर्वांत खालचा सांधा बराचसा जुळून आला होता, त्याच्या वरचा अर्धवट. उजव्याचे अजून काही सांगता येत नव्हते. पाय दुमडून पळवले तर लंगडणे कमी झाले होते, गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, हलके काम चालेल, पाठीवर मोठा माणूस नको, नाच तर कधीच नको.

आता तो दहा वर्षांचा झाला. वरातीचे काम आम्ही सोडले. तसे ठरवून सोडले नाही, नाचणारा घोडा नसला की बोलावणे येत नाही, एवढेच. घर रिक्षेवर आणि आईच्या मसाल्याच्या कांडपावर चालते. सुटीच्या दिवशी वस्तीतली लहान मुले, चार-पाच वर्षांची, कंथकवर बसतात, दादा लगाम धरून मैदानात सरळ नेतात आणि सरळ आणतात. गोल फिरवत नाहीत. मुले तक्रार करतात.

जयंतीच्या मिरवणुकीला आम्ही त्याला नेत नाही. डीजेचा दणका सुरू झाला की तबेल्यात उभा असला तरी तो कान टवकारतो आणि मागच्या पायांवर भार घ्यायला लागतो. जुनी सवय अजून गेलेली नाही. त्या रात्री आमच्यापैकी एकजण त्याच्याजवळ बसतो, मानेवर हात ठेवून. बहुधा दादाच बसतात. मिरवणूक पुढे गेली की तो चारही पाय नीट टेकून उभा राहतो.

थंडीत सकाळी पहिली पावले अजून आखडतात. गेल्या महिन्यात नालबंद आला होता. जुनी नाल काढून त्याने नेहमीप्रमाणे मुलीच्या हातात दिली. तिने अंगठा फिरवून पाहिला. पुढची कड अजून इतरांपेक्षा थोडी जास्त झिजते, पण आता पट्टी लावून मोजावे तेव्हा कळते.